मसाल्याला आखडता हात

दालचिनीचा वास आला की आपल्याला मसालेभात आठवतो, अमेरिकनांना नाताळ. तिथे दालचिनी, जायफळ, सुंठ, लवंग ही मंडळी गोडाधोडाच्या कामाची. त्यामुळे थंडी पडली की छोट्या ब्रूअऱ्या हाच मसाला बिअरमध्ये घालतात, याचं तिथे कुणाला नवल वाटत नाही. आपण मात्र पहिला घोट जरा बिचकतच घेतो.

खरं तर ही रीत जुनीच. हॉप्सची कडवट फुलं सर्वत्र रुळण्याआधी युरोपात बिअरला चव यायची ती रानातल्या झाडपाल्याने. बव्हेरियाने 1516 मध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढ्यावरच बिअर करायची असा नियम केला आणि तिथे मसाल्याची वाट बंद झाली. इंग्लंडात मात्र नाताळाच्या दिवसांत गरम एलमध्ये (एल ही बिअरचीच एक जात) साखर, जायफळ आणि भाजलेली सफरचंदं घालून पिणं चालू राहिलं.

अमेरिकेत हा धागा पुन्हा हाती घेतला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूअरीने. फ्रिट्झ मेटॅग यांनी 1965 मध्ये ही बुडायला आलेली ब्रूअरी घेतली आणि 1975 पासून दर नाताळाला एक खास एल काढायला सुरुवात केली. दरवर्षी पाककृती वेगळी, लेबलवरचं झाडही वेगळं. पुढे तिच्यात मसाला आला, पण कोणता ते कधीच सांगितलं नाही. पिणाऱ्यांनी वर्षानुवर्षं वाद घालावेत, हीच तिची खरी मजा. 2023 मध्ये अँकरला टाळं लागलं. पुढच्या वर्षी हमदी उलुकाया या उद्योजकाने ती विकत घेतली.

क्लीव्हलंडच्या ग्रेट लेक्सचा खाक्या नेमका उलटा. मध, दालचिनी, ताजं आलं असं सगळं उघड सांगून 1992 पासून ही ब्रूअरी ख्रिसमस एल विकते. अल्कोहोल 7.5 टक्के. तिथल्या बारमध्ये ग्लासच्या काठाला दालचिनी-साखर लावून देतात. गंमत म्हणून ठीक, पण चव बघायची असेल तर काठ पुसून घ्यावा.

नाताळची बिअर एवढी कडक का? मसाल्याची सुगंधी तेलं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, अल्कोहोलमध्ये विरघळतात. शिवाय भाजलेल्या माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा, गोडवा आणि दाटपणा असेल तरच मसाल्याला टेकू मिळतो. फिकट, हलक्या बिअरमध्ये लवंग सुटी पडते. लवंगेतलं युजेनॉल दंतवैद्यही वापरतात. प्रमाण चुकलं की बिअर थेट दाढदुखीवरच्या औषधासारखी लागते. मसाला फार उकळला तर वास उडून जातो आणि तुरटपणा उरतो, म्हणून तो उकळी संपता संपता घालतात. दुसरी युक्ती म्हणजे तो आधी व्होडकात मुरवायचा आणि तयार बिअरमध्ये चाखत चाखत थोडा थोडा ओतायचा. मला ही दुसरी रीत शहाणपणाची वाटते, कारण एकदा पडलेली दालचिनी परत काढता येत नाही.

आणि काही वेळा मसाला नसतोच! पेनसिल्व्हेनियातल्या ट्रोग्स ब्रूअरीच्या ‘मॅड एल्फ’मध्ये चेरी आणि मध असतात, अल्कोहोल 11 टक्के. तरी लवंगेचा भास होतो, कारण तिचं बेल्जियन धाटणीचं यीस्ट स्वतःच तसा गंध तयार करतं.

चाखताना बाटली फ्रीजमधून थोडी आधी बाहेर काढावी. फार थंड बिअरला वास नसतो. पोट मोठं, तोंड निमुळतं असा ग्लास अर्धाच भरावा. नाकाशी आधी भाजलेल्या माल्टचा, जळक्या साखरेचा वास यायला हवा आणि मागून मसाला. दालचिनीच पहिली पुढे आली, तर करणाऱ्याचा हात सैल सुटलाय असं खुशाल समजावं. घोट तोंडात घोळवून गिळल्यावर थोडं थांबा. जीभ खरखरीत झाली, कडा आवळल्या, की दालचिनीची साल जास्त झालीय. बऱ्याच बिअर चाखायच्या असतील तर हलकीपासून सुरुवात करावी, मॅड एल्फसारखी शेवटी. मध्ये साधा पाव आणि पाणी. चखण्याला चकली-फरसाण अजिबात नको. तिखट पोटात गेलं की जायफळ कुणाला कळणार?

जायफळाशी आपलं मात्र लगेच जमतं, श्रीखंड-पुरणपोळीची सवय असते ना. पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही छोटी ब्रूअरी सुरू झाल्यापासून ताजी, हंगामी बिअर आपल्याकडेही मिळू लागली आहे, तेव्हा हा प्रयोग करायला अमेरिकाच गाठायला हवी असं नाही. सोबतीला गोव्याची बेबिंका मागवावी. तीही नाताळचीच, थरांवर थर भाजलेली. गडद बिअरमधला माल्ट तिच्या खरपूस थरांशी छान जुळतो. फक्त तिच्यात जायफळ आधीच असतं, म्हणून त्या वेळी ग्लासात सगळ्यांत कमी मसाल्याची बिअर घ्यावी.