आधी मशीन, मग हातमोजे! कंपनी तुमची काळजी घेते का, कसं ओळखायचं?

आजचा एपिसोड खास त्यांच्यासाठी, जे नुकतेच एखाद्या कंपनीत चिकटलेत किंवा चिकटणार आहेत. चाकण, भोसरी, वाळूज, अंबड, कुठलीही एमआयडीसी घ्या. पहिल्या दिवशी काय मिळतं? सेफ्टी शूज, हेल्मेट, हातमोजे आणि भिंतीवर मोठ्ठा बोर्ड: ‘सुरक्षा प्रथम’. आपल्याला वाटतं, चला, कंपनी काळजी घेते.

पण थांबा. सुरक्षेच्या शास्त्रात हातमोजे आणि हेल्मेट यांचा नंबर शेवटचा लागतो. हो, शेवटचा!

याची एक ठरलेली उतरंड आहे. सगळ्यात वर, धोकाच काढून टाका. ते जमत नसेल तर कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत वापरा. तेही नाही, तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये यंत्राचीच आडकाठी घाला. त्यानंतर येतात नियम, ट्रेनिंग, पाळ्या. आणि सगळ्यात खाली हातमोजे, गॉगल, हेल्मेट. कारण सोपं आहे. वरचे उपाय माणूस थकला, चुकला, घाईत असला तरी काम करतात. खालचे उपाय माणसाने सतत सावध राहावं, या भरवशावर चालतात. आणि नाइट शिफ्टला पहाटे चार वाजता सतत सावध कोण असतं, सांगा बरं?

आता पॉवर प्रेसचं उदाहरण घेऊ. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या-मोठ्या कारखान्यांत ही मशीन असतेच. खाली डाय, त्यावर पत्रा ठेवायचा, वरून स्ट्रोक येतो आणि पार्ट तयार. धोका कुठे? पत्रा ठेवताना आणि पार्ट काढताना हात डायमध्ये जातो तिथे. तिथे जाड हातमोजा घातला तरी कित्येक टनांच्या दाबापुढे त्याचा काय उपयोग?

मग खरे उपाय कोणते? पहिला, हात आत जाण्याची गरजच संपवणं: पत्रा आपोआप सरकवणारा फीडर, किंवा निदान चिमटा किंवा चुंबकाची दांडी. दुसरा, डायभोवती जाळीचं पक्कं गार्ड. तिसरा, दोन हातांची बटणं: दोन्ही एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक येत नाही, म्हणजे स्ट्रोकच्या वेळी तुमचे दोन्ही हात बाहेर. चौथा, लाइट कर्टन: अदृश्य किरणांचा पडदा. हात मध्ये आला की मशीन थांबते.

यातही एक गोम आहे बरं का. जुन्या पद्धतीच्या की-क्लच प्रेसमध्ये स्ट्रोक एकदा सुटला की पूर्ण झाल्याशिवाय थांबत नाही. अशा मशीनवर लाइट कर्टन लावलं तर तो नुसता देखावा. तिथे गार्डच हवं. म्हणून ‘आमच्याकडे सेन्सर आहे’ एवढं ऐकून खूश होऊ नका. स्ट्रोक मध्येच थांबतो का, ते विचारा.

आणि खरी परीक्षा पुढे आहे. टार्गेट वाढलं की दोनपैकी एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवायचं, गार्ड काढून ठेवायचं, ही युक्ती शॉप फ्लोअरवर सगळ्यांना माहीत असते. ते बघूनही सुपरवायझर गप्प बसत असेल, तर त्या कंपनीत ‘प्रॉडक्शन प्रथम’ आहे, बोर्डावर काहीही लिहिलेलं असो. चांगल्या कंपनीत बटण बायपास झालं तर मशीन बंद होते. आणि बोट थोडक्यात वाचलं, तर त्याचीही नोंद होते, ओरडा न खाता. कारण आज थोडक्यात वाचलेलं बोट उद्याच्या अपघाताची आगाऊ सूचना असते.

आता कायद्याचं बोलू. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक उद्योगांसाठी नवं प्रकरण आलं. धोक्याची माहिती मिळण्याचा आणि धोका दिसला तर सांगण्याचा कामगारांचा हक्क त्यात लिहिला गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही हा हक्क आहे. गंभीर इजेचा धोका वाटला तर मालकाला थेट किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत कळवता येतं, आणि निरीक्षकालाही. नेमणूक पत्र देणं मालकावर बंधनकारक आहे आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. नेमणूक पत्र जपून ठेवा. ‘हा आमचा माणूसच नाही’ असं कोणी म्हटलं, तर तोच पुरावा.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि कंपनी ईएसआयच्या कक्षेत असेल, तर पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. कामावर इजा झाली तर उपचार मोफत, आणि काम करता येत नाही त्या काळात सरासरी पगाराच्या ९० टक्के दराने पैसे. नोकरीच्या पहिल्या दिवशी इजा झाली तरीही! फक्त अपघाताची नोंद झाली पाहिजे. ‘खासगी दवाखान्यात नेतो, नोंद कशाला?’ असं कोणी गोड बोलून सांगितलं, तर सावध व्हा. कॉन्ट्रॅक्टवर असाल तरी ईएसआय नंबर मागून घ्या. अ‍ॅप्रेंटिसला ईएसआय लागू नसतं, पण इजेच्या भरपाईची जबाबदारी कंपनीवरच असते.

तर उद्या शिफ्टला गेलात की तीन गोष्टी बघा. मशीनला गार्ड आहे का आणि ते जागेवर आहे का? दोन्ही बटणं खरोखर चालू आहेत का? आणि ‘हे धोक्याचं वाटतंय’ असं म्हणणाऱ्याला तिथे काय उत्तर मिळतं? या तिसऱ्या प्रश्नात कंपनीची सगळी पॉलिसी कळते.

हा एपिसोड प्रेसवर काम करणाऱ्या तुमच्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत दहाही बोटं सांभाळा!