वाण उतरला, की बेणं उतरलं?



गेल्या महिन्यात लागण नोंदीसाठी आम्ही एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. नोंद झाली, चहा आला. सभासद म्हणाले, "साहेब, थोरली बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला हाय. विषय घेतलाय जेनेटिक्स. आनि अजून दोन वर्षं शिकायचं म्हनतीया. ह्याचा आमच्या उसाला काय उपेग? तुमीच समजावा तिला."

आम्ही पडलो कृषी पदविकावाले. समजवायला बसलो आणि शिकून उठलो. म्हणून हा लेखप्रपंच.

मुलीनं वही दाखवली. पहिल्या पानावर मेंडेलचा वाटाणा. उंच आणि बुटक्या झाडांचा संकर केला, की दुसऱ्या पिढीत तीन उंच, एक बुटकं. हे त्यानं १८६६ साली छापलं, पण जगानं मानलं १९०० मध्ये. इथवर आम्हालाही ठाऊक होतं. "पण काका, उसाला हा सरळ हिशोब बसत नाही," ती म्हणाली. वाटाण्यात गुणसूत्रं १४, ज्वारीत २०, माणसात ४६. आजच्या उसाच्या जातींत मात्र साधारण १०० ते १३०! संकर करताना ती पत्त्यांसारखी पिसली जातात. म्हणून तुऱ्यातल्या बियांपासून आलेलं एकेक रोप वेगळं. अशी हजारो रोपं वाढवून, वर्षानुवर्षं पारखून एखादी जात हाती लागते.

कोईमतूरला हे काम १९१२ पासून चालू आहे. जाड, गोड ऊस आणि काटक रानटी ऊस यांच्या संकरातून 'को २०५' ही जात १९१८ मध्ये तिथूनच बाहेर पडली. 'को' म्हणजे कोईमतूर. आपली को ८६०३२ त्याच घराण्यातली. को ६२१९८ आणि कोसी ६७१ हे तिचे आईबाप.

नाव निघताच सभासद म्हणाले, "ती आता पयल्यासारखी येत न्हाई. वाण उतरला." आम्ही मान डोलावली. बांधावर आम्हीही वर्षानुवर्षं हेच सांगत आलो होतो.

मुलीनं विचारलं, "आपण बी कुठं पेरतो? टिपरीच लावतो ना? मग गुणसूत्रं तीच राहिली. वाण उतरेल कसा?"

आम्ही गप्प झालो. तिघंही उसात गेलो. दहा-बारा सऱ्यांत तीन बेटं गवतासारखी फुटलेली, पानं पांढुरकी, एकही पक्का ऊस नाही. गवताळ वाढ. बेणं कुठलं? तर घरच्याच खोडव्याचं, सलग सहा वर्षं! टिपरीबरोबर वाण येतो, तसाच रोगही येतो. दरसाल त्याची भर पडते. दोष बहुतेक वेळा वाणाचा नसतो, बेण्याचा असतो. आमचीही चूक झाली होती, ती इथं कबूल करतो.

तेव्हा सभासदांनी एवढं करावं. खोडव्याचं बेणं लावू नये. बेणेमळा वेगळा ठेवावा. बेणं नऊ ते अकरा महिन्यांचं, रसरशीत असावं. उष्ण बाष्पप्रक्रिया केलेलं किंवा ऊतिसंवर्धित रोपांपासूनचं मूलभूत, मग पायाभूत, मग प्रमाणित, अशा पायऱ्यांनी आलेलं बेणं दर तीन-चार वर्षांनी बदलावं. गवताळ बेट दिसलं, की मुळासकट उपटून जाळावं.

परतताना सभासदांना आम्ही जानकी अम्मल यांची गोष्ट सांगितली. तेलिचेरीची ही बाई १९३१ साली अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून आली आणि कोईमतूरला उसाच्या गुणसूत्रांवर काम करू लागली. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. "त्यांच्या बापानं 'उपेग काय' म्हणून घरी बसवलं असतं तर?" एवढंच विचारलं.

सभासद काही बोलले नाहीत. बांधावर उकिडवे बसून ती तीन बेटं बघत राहिले. आम्ही गाडीला किक मारली, तेव्हा पोरीला विचारत होते, "फारम भरायची शेवटची तारीक कवा हाय म्हनलीस?"

— ऊस विकास अधिकारी