डेशूट्स नदीवरील स्टीलहेड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वायव्येस ऑरेगन नांवाचें संस्थान आहे. तेथील डेशूट्स नदी दक्षिणेकडून उत्तरेस वाहत जाऊन कोलंबिया या महानदीस मिळते. तिचे शेवटचे सुमारें शंभर मैल काळ्या कातळाच्या खोल घळींतून गेलेले आहेत. सह्याद्रीप्रमाणेंच हा कातळही लाव्हारसाचे थर थंड होऊन बनलेला असल्यामुळें महाराष्ट्रीयास तो अगदींच परका वाटूं नये. सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत या घळींत ठिकठिकाणीं माणसें हातांत लांब काठी घेऊन मांडीइतक्या पाण्यांत तासन् तास उभीं असलेलीं दिसतात. त्यांचें सारें लक्ष स्टीलहेड या माशाकडे लागलेलें असतें.

हा मासा भारतासही सर्वस्वीं अपरिचित नाहीं. हिमाचल प्रदेशांत व निलगिरीवर परदेशांतून आणून सोडलेला रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड यांची जात एकच. भेद आहे तो आयुष्यक्रमाचा. जन्मभर गोड्या पाण्यांत राहतो तो ट्राउट. लहानपणीं समुद्रास जाऊन, तेथें एक-दोन वर्षें पोसून, पोलादासारखी चकाकी घेऊन परततो तो स्टीलहेड. बंगालच्या हिलशाप्रमाणें तोही अंडीं घालण्यासाठीं नदी चढतो. परंतु उन्हाळ्याच्या अखेरीस डेशूट्समध्यें शिरलेला मासा अंडीं घालतो तीं पुढील वसंताच्या सुमारास. मधले कित्येक महिने तो जवळजवळ उपाशी राहून अंगच्या चरबीवर निर्वाह करतो. ही एक गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे गळ टाकणाऱ्याचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

पहिला विचार पाण्याच्या उष्णतेचा. समुद्रापासून डेशूट्सच्या मुखापर्यंतच्या सुमारें दोनशें मैलांत कोलंबियावर बॉनव्हिल व द डॅलस अशीं दोन धरणें आहेत. त्यांच्यामागें तुंबलेलें पाणी ऑगस्टांत २० अंश सेंटिग्रेडच्याही वर तापतें. डेशूट्सचें पाणी बहुधा त्याहून थंड असल्यामुळें दुसऱ्या नद्यांकडे निघालेले मासेही तिच्यांत विसांव्यास वळतात. शरदांत रात्री लांबतात, पाणी निवतें, आणि मासा तरतरीत होऊन वर चढूं लागतो. उष्ण पाण्यांत प्राणवायु कमी असतो. तेथें गळाशीं झुंजलेला मासा सोडून दिला तरी दगावण्याचा धोका फार. म्हणून पाणी २० अंशांच्या घरांत गेलें कीं जाणता माणूस काठी आवरतो.

दुसरा विचार प्रकाशाचा. नदी उत्तरवाहिनी आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून राहणारा; त्यामुळें सूर्य वर आला कीं ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर येतें. यास्तव ऊन पाण्यास लागण्यापूर्वींची पहांट आणि कड्याची सांवली पडल्यानंतरची संध्याकाळ, हे दोनच समय मोलाचे. तिसरा विचार निर्मळपणाचा. माउंट हूडच्या हिमनदींतून निघणारी व्हाइट नदी उष्णतेच्या दिवसांत राखी गाळ आणून संगमाखालचें पाणी गढूळ करते. थंडी पडली कीं तें निवळूं लागतें.

मासा फेसाळ धारेंत किंवा साचलेल्या डोहांत शोधूं नये. जेथें पाणी माणसाच्या चालीनें वाहतें, खोली तीन ते सहा फूट असते व तळाशीं मोठे धोंडे असतात, तेथें तो दम घेतो. नावेंत बसून गळ टाकण्यास येथें सर्वसाधारणपणें मनाई आहे. पाण्यांत उतरूनच टाकावा लागतो. नदीच्या बहुतेक भागांत खाद्याचें आमिषही चालत नाहीं. म्हणून गळावर पिसें व दोरा बांधून केलेली कृत्रिम माशी वापरतात.

दोरी पात्रावर आडवी, किंचित् खालच्या अंगास टाकली म्हणजे प्रवाहाच्या ओढीनें माशी चंद्रकोरीसारख्या वळणानें कांठाकडे येते. वेगवान धारेमुळें दोरीस पोट पडलें तर माशी भरधांव ओढली जाते. अशा वेळीं दोरी हलकेच उचलून वरच्या अंगास ठेवावी. माशी सरळ खालच्या बाजूस येऊन थांबली कीं क्षणभर राहूं द्यावी, मग दोन पावलें खालीं सरकून पुनः टाकावी. याप्रमाणें सबंध टप्पा विंचरल्यासारखा धुंडाळला जातो. मासा भुकेनें येत नाहीं. चिडून म्हणा कीं जुन्या संवयीनें म्हणा, तो झडप घालतो. तेव्हां काठीस हिसका देणें ही नवशिक्याची चूक होय. मासा वळला म्हणजे गळ त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यांत आपण होऊन रुततो. पुढें पाणी गारठलें कीं मासा सुस्तावतो. मग दोरीचें टोंक बुडणारें घेऊन माशी खोल व संथ फिरवावी लागते.

मासा हातीं आल्यावर त्याची पाठ पाहावी. शेपटीजवळचा लहान मांसल पर कापलेला असल्यास तो मत्स्यबीजकेंद्रांत वाढविलेला. असा मासा नियमानुसार नेतां येतो. पर शाबूत असल्यास तो नदींतच जन्मलेला. त्यास शक्य तों पाण्याबाहेर न काढतांच सोडलें पाहिजे. मादी असेल तर पुढील वसंतांतील हजारों अंडीं तिच्या त्या उपाशी देहांतच आहेत. २०२१ सालीं परतणाऱ्या स्टीलहेडची संख्या इतकी घटली कीं सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंत डेशूट्सवर त्याच्यासाठीं गळ टाकण्याची बंदी करावी लागली. बॉनव्हिलच्या धरणावर १९३८ पासून वर चढणाऱ्या माशांची मोजदाद होत आली आहे. पाण्याची उष्णता जशी तापमापकावर, तशी माशांची स्थिति या मोजदादीवर कळते. आणि दोन्ही पाहून कांहीं दिवस, प्रसंगीं सबंध ऋतु, काठी घरीं ठेवणें हाही या विद्येचाच भाग मानला पाहिजे.