शहर चाखायचं तर एकच वस्ती निवडा

वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावरून दुपारी विदर्भ एक्स्प्रेस धरली की दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. नागपूर तर बसने साठेक किलोमीटर. मोठ्या शहरात जाणं भंडाऱ्याच्या माणसाला नवं नाही. नवं आहे ते पैसे मोजून खाद्यफेरी करणं. एक माहितगार सोबत असतो, दोन-तीन तास पायी हिंडायचं आणि वाटेत ठिकठिकाणी थांबून खायचं. अशा फेऱ्या आता बहुतेक मोठ्या शहरांत निघतात आणि जाहिरातींत भर असतो तो ठिकाणांच्या आकड्यावर. इतक्या तासांत इतकी दुकानं, इतके पदार्थ. माझ्या मते हाच आकडा पाहून सावध व्हावं. जी फेरी एकाच वस्तीत फिरवते आणि हा पदार्थ इथंच का रुजला, हे ज्या फेरीतला माणूस समजावून सांगू शकतो, तीच पैसे देण्याजोगी.

भंडाऱ्याच्या वाचकाला हे पटायला लांब जावं लागणार नाही. आपल्याकडचा भात आणि झिंग्यांचा रस्सा घ्या. त्यामागे तलाव आहे. गोंड राजवटीपासून या भागात तलाव बांधले गेले, त्यात कोहळी समाजाचं कसब मोठं. तलावाच्या पाण्यावर खाली धान पिकलं, तलावात ढिवरांनी मासेमारी केली. 1950च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले, तरी माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, हे नाव टिकून आहे. बाहेरच्या पाहुण्याला झिंगे खाऊ घातले आणि तलावाची पाळ दाखवलीच नाही, तर त्याच्या पदरात चव पडली, भंडारा जिल्हा नाही. आपल्या ताटाबद्दल आपण जी अपेक्षा ठेवू, तीच दुसऱ्याच्या शहरात गेल्यावरही ठेवावी.

नागपूरचं सावजी जेवण या कसोटीवर घासून पाहण्यासारखं आहे. बहुतेकांना त्यातला तिखटपणा तेवढा ठाऊक असतो. पण हे हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण. 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे यंत्रमाग आले, हातमागाची कमाई आटत गेली, आणि काही विणकर घरांनी चुलीवरच पोट भरायचं ठरवलं. घरातल्या ओसरीत खानावळ सुरू झाली. भाजून वाटलेला मसाला, एकेकाळी जवसाचं तेल, मटणाबरोबर खूर आणि सुंदरीही. बोकडाचं काहीही वाया न घालवणारी ही पाककृती बेताच्या मिळकतीतून आलेली आहे. गोळीबार चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांतून चालत चालत हे ऐकलं की रश्श्याला अर्थ येतो. मोहाडी, आंधळगाव, पवनी या आपल्याच जिल्ह्यातल्या विणकर गावांशी त्याचं नातंही उमगतं. हाच रस्सा वातानुकूलित हॉटेलात वाढून फेरी पुढच्या दुकानाकडे निघाली, तर तिखटाखेरीज काय हाती लागणार?

वेळेचंही तसंच. त्याच नागपुरात लांब रोटी करणाऱ्या बाईजवळ पंधरा मिनिटं उभं राहण्याची मुभा फेरीत आहे का, हे विचारावं. गव्हाची सैलसर कणीक ती पाणी लावून आपटत, ओढत राहते, तार सुटेपर्यंत. मग गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत ताणते आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद पसरते. कागदासारखी पातळ रोटी क्षणात भाजून निघते, तिची घडी होते, तोवर पुढचा गोळा हातावर आलेला असतो. हे कौशल्य पळत पळत पाहता येत नाही. तर्री-पोहे सकाळचे, इंदूरच्या सराफ्यातली खाऊगल्ली सोन्याची दुकानं बंद झाल्यावरची. वस्ती स्वतः ज्या वेळी खाते, त्या वेळी नेणारी फेरी खरी.

मुंबईत तर हा फरक अधिकच ठळक होतो. वडापाव, पावभाजी, कुल्फी अशी माळ लावणाऱ्या फेऱ्या सोप्या असतात. पण गिरणगावात हिंडवणारा जाणकार मिळाला तर तो खानावळवाल्या बायांबद्दल सांगेल. घरदार गावी ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना महिनाभर जेवू घालणाऱ्या या बायांना 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळण्याची वाट मोकळी केली. 1982च्या संपानंतर गिरण्यांचं जग कोसळलं, तसा खानावळींचा आधारही गेला. परळ-लालबागच्या एखाद्या साध्या थाळीपुढे बसून ही हकिकत ऐकणं, हे दहा दुकानांतल्या दहा घासांपेक्षा मला कितीतरी मोलाचं वाटतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो. मोबाइलवर सगळं कळतं, आणि शहरात आपला कुणी ना कुणी नातेवाईक असतोच, मग पैसे का द्यायचे? नातेवाईक त्या वस्तीतच वाढलेला असेल तर खरंच देऊ नयेत, त्याच्याएवढा चांगला वाटाड्या नाही. मात्र माणसं आपल्याच शहरातल्या दुसऱ्या वस्तीत क्वचित जेवायला जातात. मोबाइल गर्दी कुठे आहे ते दाखवतो, ती का आहे ते सांगत नाही. पैसे द्यायचे ते या दुसऱ्या गोष्टीसाठी. म्हणून नोंदणीआधी फोन करून सरळ विचारावं, कुठल्या वस्तीत नेणार आणि तिथं काय सांगणार? उत्तरात नुसती पदार्थांची यादी आली तर फोन ठेवावा.

दुसरा आक्षेप पोटाचा. रस्त्यावरचं खाऊन आजारी पडलो तर? ही भीती रास्त आहे, लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर अधिकच. अहमदाबादच्या कांकरिया तलावाला 2018 मध्ये देशातलं पहिलं स्वच्छ खाऊगल्लीचं सरकारी प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे गाड्यावर स्वच्छता अशक्य नाही. इथंही कमी ठिकाणांची फेरीच बरी. तिथला माणूस रोज त्याच चार चुलींकडे जातो, त्यामुळे कुठलं तेल, कुठलं पाणी, हे त्याला ठाऊक असतं. तिखट झेपत नसेल किंवा मांसाहार चालत नसेल तर ते आधीच सांगून ठेवावं.

तिसरी शंका मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. गरिबाचं जेवण पाहुण्यांसाठी तमाशा होतो का? होऊ शकतो. वीस जणांचा घोळका छोट्या खानावळीत शिरला की रोजच्या गिऱ्हाइकाला ताटकळावं लागतं, आणि त्याच्याच जोरावर ती खानावळ वर्षभर चालते. म्हणून सहा-आठ जणांपेक्षा मोठा गट घेऊ नये. दुकानदाराला पूर्ण दाम मिळतो की फुकट चव मागितली जाते, तेही विचारावं. फेरी मराठीतून होईल का, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या शहरात तरी निःसंकोच करावा. मराठी जाणणारा माणूस सोबत असला की रोटी करणाऱ्या बाईशी थेट बोलता येतं, आणि तिच्या कामाबद्दल तिच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगू शकत नाही.