नदीच्या तळाचे साक्षीदार



डिसेंबरच्या सहलीत चोरल नदीकाठी सहावीच्या एका मुलाने आम्हाला विचारले, "सर, पाणी किती स्वच्छ आहे! पिऊ का?" आम्ही त्याला थांबवले. नितळ दिसणारे पाणी निर्दोष असतेच असे नाही. मग नदीची तब्येत कशी ओळखावी?

बाटलीतल्या पाण्याची प्रयोगशाळेतली तपासणी आवश्यकच आहे; पण ती त्या क्षणाच्या पाण्याची. रात्री कुणी सांडपाणी सोडले आणि बाटली दुसऱ्या दिवशी भरली, तर दोष पुढे वाहून गेलेला असतो. तळाचे लहान जीव मात्र दगडाखाली, गाळात महिनोन्‌महिने राहतात. नदीने जे सोसले, ते त्यांनीही सोसलेले असते.

म्हणून आम्ही मुलांना एक दगड उलटून दाखवला. त्याला चिकटलेली चपटी, तीन शेपट्यांची पिल्ले म्हणजे मेफ्लाय. बारीक खडे रेशमासारख्या धाग्याने जोडून घर बांधणारी अळी म्हणजे कॅडिसफ्लाय. यांतील बहुतेकांना पाण्यात भरपूर प्राणवायू लागतो. सांडपाणी मिसळले की ते कुजवताना जिवाणू प्राणवायू संपवतात आणि हे नाजूक जीव आधी नाहीसे होतात. मागे उरतात गाळातले बारीक कृमी आणि काही तांबड्या अळ्या. या अळ्यांत आपल्या रक्ताप्रमाणे हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या कमी प्राणवायूतही तगतात. चांगल्या नदीतही त्या थोड्या असतात. पण फक्त त्याच सापडल्या, तर नदी आजारी समजावी.

ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकाच्या अखेरीस यासाठी गुणपद्धती तयार झाली. त्यात मेफ्लायच्या नाजूक कुळांना 10, चतुराच्या पिल्लांना 8, सामान्य गोगलगायींना 3, तांबड्या अळ्यांच्या कुळाला 2 आणि कृमींना 1 गुण आहे. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही अशाच आधारावर नद्यांचे पाच वर्ग ठरवले आहेत. मात्र रोगजंतू या पद्धतीने कळत नाहीत. म्हणून गुण चांगले आले तरी ते पाणी तसेच पिऊ नये.

आता आपल्या कान्ह नदीकडे पाहू. 2021 साली इंदूर देशातील पहिले 'वॉटर प्लस' शहर ठरले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु सांडपाणी अडवणे ही उपचाराची सुरुवात होय. नदी बरी झाली का, हे तिच्या तळाचे जीवच सांगतील. हीच कान्ह पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, हेही विसरू नये.

विज्ञान मंडळाने पावसाळ्यापूर्वी आणि नंतर अशी वर्षातून दोनदा नोंद ठेवावी, अशी आमची इच्छा आहे. कान्हमध्ये मुले उतरणार नाहीत. शिक्षक हातमोजे घालून नमुना काढतील आणि पाहून झाल्यावर जीव परत सोडले जातील. विश्वस्तांनी जाळी व पांढरे ट्रे द्यावेत, पालकांनी सोबत यावे, ही विनंती.