चारशे बोलींचा पक्षी

टोमॅटोची कोशिंबीर मागताना तुम्ही नकळत मेक्सिकोतील एक शब्द उच्चारता. नाहुआत्ल भाषेतील 'तोमात्ल'पासून आपला टोमॅटो आला. ही अ‍ॅझ्टेक लोकांची भाषा. २०२० च्या जनगणनेनुसार मेक्सिकोत ती बोलणारे सोळा लाखांहून अधिक आहेत. या भाषेने गाणाऱ्या पाखरांना कशी नावे दिली, ते पाहू.

तेथे एक साधा करडा पक्षी आहे. तो इतर पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करतो. त्याचे नाव 'सेन्त्सोन्त्लातोले'. नावाची फोड करा. 'सेन्त्सोन्त्लि' म्हणजे चारशे आणि 'त्लातोल्लि' म्हणजे शब्द, बोली. एकूण अर्थ, चारशे बोलींचा धनी!

पण चारशेच का? आपण दहादहाने मोजतो, हे लोक विसाविसाने मोजत. दहा दाहे शंभर, तसे वीस विसा चारशे. 'शंभरदा सांगितले' असे आई म्हणते, तेव्हा तिने मोजलेले नसते. तसेच येथे चारशे म्हणजे 'पुष्कळ'. लिनियसनेही १७५८ साली या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात 'बहुभाषी' हाच अर्थ आणला. प्रत्यक्षात एक नर सुमारे दोनशे सुरावटी शिकू शकतो.

हे त्याला कसे साधते? पक्ष्यांचे स्वरयंत्र श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तेथे असते. गाणाऱ्या पक्ष्यांत त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे कंप पावू शकतात. त्यामुळे एकाच गळ्यातून एका वेळी दोन स्वर निघू शकतात.

सोळाव्या शतकात साहागुन या स्पॅनिश धर्मोपदेशकाने स्थानिक विद्वानांच्या मदतीने बारा भागांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात 'क्वित्लाकोचिन' या पक्ष्याचे नाव त्याच्या आवाजावरून पडल्याची नोंद आहे. आपला कावळाही 'काव काव' करतो, नाही का? 'शोचितोतोत्ल' या नावात मात्र फूल आणि पक्षी हे दोन शब्द जोडलेले आहेत.

पुढे स्पॅनिश भाषेत पहिल्या पक्ष्याचे लांबलचक नाव आखडून 'सेन्सोन्त्ले' झाले. आकडा उरला, 'बोली' गळाली! आज नाहुआत्ल जाणणाऱ्यालाच त्या नावातले निरीक्षण उलगडते. भाषा विसरली, की तिने जपलेले ज्ञानही मुके होते.

आपल्याकडेही थव्याने हिंडणारे 'सातभाई' आहेत. ते नेहमी सातच असतात का? स्वतः मोजून पाहा. आजीआजोबांना पाखरांची आणखी नावे विचारा आणि प्रत्येक नावापुढे त्याचे कारण वहीत लिहून ठेवा.