आधी ब्रेक, मग पिकअप

सेकंड-हँड पोलो जीटी दारात उभी राहिली की चार दिवसांत पहिला प्रश्न ठरलेला. "भाऊ, रिमॅप कुठं करून भेटंल?" वाशिम असो, रिसोड असो की कारंजा, गाडीवेड्या पोरांच्या ग्रुपवर दुसरं काही विचारलंच जात नाही. तुम्ही त्यातलेच असाल आणि कधीतरी खऱ्या रेसट्रॅकवर आपली गाडी पळवायचं मनात असेल, तर एक करा. रिमॅप यादीत सगळ्यात खाली लिहा. का, ते बघू.

हॉट हॅच म्हणजे दिसायला घरची छोटी गाडी, पण बॉनेटखाली दांडगं इंजिन. यातल्या बऱ्याच गाड्या आपल्याच राज्यात, पुण्याच्या आसपास तयार झाल्या. चाकणची पोलो जीटी टीएसआय २०१३ला आली, १०५ पीएसची. रांजणगावची अबार्थ पुंटो २०१५ची, १४५ अश्वशक्तीची. टाटाची अल्ट्रोझ रेसर २०२४ची, १२० पीएस. पोलो २०२२ला बंद झाली, पुंटो त्याच्याही आधी. म्हणून तर जुन्या बाजारात त्यांना एवढा भाव.

आता ट्रॅक डे. ही शर्यत नसते. फी भरायची, हेल्मेट घालायचं, गाडी तपासून घ्यायची आणि ठरलेल्या वेळात ट्रॅकवर फेऱ्या मारायच्या. नंबर नाही, बक्षीस नाही. देशातले जम बसलेले ट्रॅक आपल्यापासून लांब आहेत: चेन्नईजवळचा ३.७ किलोमीटरचा, कोइम्बतूरचा कारी २.१ किलोमीटरचा, आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, ५.१ किलोमीटरचा, जिथे २०११ला फॉर्म्युला वन झाली. वाशिमहून चेन्नई हिंगोली, नांदेड, हैदराबाद करत सुमारे हजार किलोमीटर. म्हणजे ज्या गाडीने ट्रॅकवर धुमाकूळ घालायचा, तीच गाडी तुम्हाला परत हजार किलोमीटर घरी आणणार आहे. हे एकदा डोक्यात बसलं की खर्चाचा क्रम आपोआप बदलतो.

पहिला खर्च ब्रेकचा. थोडं गणित करा. माणसासकट ११०० किलोची गाडी १४० वरून ६० वर आणली, तर ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते तिच्यावर दोन लिटर पाणी उकळेल. एका वळणाला! ट्रॅकवर अशी वळणं दर फेरीला तीन-चार, आणि फेऱ्या लागोपाठ. रस्त्यावरचे साधे पॅड या तापाला टिकत नाहीत, पकड सोडतात. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरलेलं १५५ अंशांनाच उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पेडल सरळ तळाला जातं. गाडी मात्र पुढंच. तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, हे घरात कुणाला सांगता येतं का विचारून बघा. ताजं चांगलं ऑइल आणि जास्त ताप सोसणारे पॅड, दोन्ही मिळून एका ॲलॉय व्हीलच्या सेटपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. पण ते इन्स्टावर दिसत नाही, हीच अडचण आहे.

मग टायर. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. मापाच्या शेवटी अक्षर असतं: टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटरपर्यंत. नक्षी भरपूर उरलेली असली तरी जुनं रबर कडक होतं आणि पकड जाते. ट्रॅकवर टायर तापला की प्रेशर चार-पाच पीएसआय सहज चढतं, म्हणून फेऱ्या मारून आल्या आल्या मोजा आणि थोडी हवा कमी करा. परतीच्या प्रवासाआधी पुन्हा भरा.

तिसरा बदल फुकटचा आहे. डिक्कीतला वूफर काढा. जादा सामान, मॅट, मागच्या सीटखाली साचलेला संसार, सगळा पिटमध्ये ठेवून ट्रॅकवर जा.

आता जे करू नका ते. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं आपल्याकडे फार चालतं. कापलेल्या स्प्रिंगला खाली-वर व्हायला जागा उरत नाही. वळणात चाक एकदा आपटलं की पकड गेलीच. चाक लटकलं तर स्प्रिंग जागेवरून सरकायची भीती वेगळी. उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो, वर विदर्भातली धूळ. आवाज मस्त येतो, एवढंच. आणि रिमॅप? त्यानं ताकद वाढते, खरं आहे. पण ताकद वाढली की पुढच्या वळणाला वेग जास्त, म्हणजे ताप पुन्हा त्या बिचाऱ्या ब्रेकवरच.

कायद्याचंही ऐका. कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली: अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चांगले पॅड, ताजं ऑइल, त्याच मापाचे चांगले टायर यात कुणाची हरकत नाही. विम्याचं मात्र आधीच वाचून घ्या. नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी बाहेर ठेवलेली असते. ट्रॅकवर ठोकली तर खर्च तुमचा, म्हणजे बहुतेक बाबांचा.

"एवढं लांब कशाला? समृद्धी आहे ना घरापाशी." हेही ऐकू येतं. शेलूबाजारला चढलं की समोर सरळसोट काँक्रीट, खरंच मोह होतो. तिथं कारला मर्यादा ताशी १२०ची आहे, आणि सार्वजनिक रस्त्यावर रेस लावली तर पहिल्यांदाच तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा बाजूला ठेवला तरी ट्रॅक आणि रस्ता यात मूळ फरक आहे. ट्रॅकवर चुकलात तर बाजूला मोकळी जागा असते, झेंडेवाला असतो, ॲम्ब्युलन्स उभी असते. मंगरूळपीरच्या रस्त्यावर संध्याकाळी समोर रोही येतो, किंवा बिनदिव्याचा ट्रॅक्टर. त्या ट्रॅक्टरवरचा माणूस तुमच्या खेळात सामील झालेला नसतो.

गाडीच नसेल तर? बहुतेकांकडे नसतेच. चेन्नई आणि कोइम्बतूरला रेसिंग स्कूल चालतात, तिथं गाडी त्यांची असते. इंजिनीअरिंगला असाल तर कॉलेजची टीम उभी करा. बाहा स्पर्धा इंदूरजवळ पिथमपूरला भरत आलीय, चेन्नईच्या निम्म्याहून कमी अंतर. फॉर्म्युला भारत कारी ट्रॅकवर होते. तिथं गाडी स्वतः बनवावी लागते, म्हणजे ब्रेकचं वरचं गणित परीक्षेपुरतं राहत नाही. आणि सुरुवातीला सगळे नवखेच असतात. २०२४मध्ये सलून कार गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरलेली पुण्याची डायना पंडोले २०१८ला महिलांसाठीच्या एका प्रशिक्षण कार्यक्रमातून पुढं आली.

गेलातच ट्रॅकवर, तर पहिल्या फेऱ्या शिकण्यात घालवा. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत. नजर समोरच्या बंपरवर नको, वळण संपतं तिथं हवी. दोन-तीन फेऱ्या जोरात मारल्या की एक फेरी हळू, गाडी गार करायला. पिटमध्ये आल्यावर तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका. गिअरमध्ये टाका, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'त, आणि चाकाखाली दगड लावा. संध्याकाळी निघण्याआधी पॅड किती उरलेत ते डोळ्यांनी बघा, ऑइलची पातळी बघा, आणि चाकांचे बोल्ट टॉर्क पान्यानं पुन्हा आवळा. पोलोला १२० न्यूटन मीटर. हैदराबादपर्यंत रात्र होईल, काच पुसून घ्या.